तूर बाहेर ठेवा, सर

आमच्या कॉलेजात डॉक्टरेट मिळवलेली अकरा माणसं होती आणि त्यातल्या एकीचं नाव बेबी होतं. डॉ. बेबी भोयर, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग. विभाग म्हणजे त्या स्वतः, एक प्रयोगशाळा, दोन नळ (त्यातला एक चालू) आणि गजानन नावाचा परिचर. नवा पाहुणा दारावरची पाटी वाचून हसू दाबायचा. जरा धीट असला तर विचारायचा, “मॅडम, हे घरचं नाव असेल ना? कागदावरचं काय आहे?”

“कागदावरचंच हे. बाप शाळेत नाव घालायले गेलता. मास्तरानं विचारलं पोरीचं नाव काय, बापानं सांगतलं बेबी. घरी तेच म्हणत होते सारे. मंग खोटं काऊन सांगन तो?”

लग्नातही हेच झालं म्हणतात. मुलाकडच्यांनी तांदळात लिहायला कुठलंसं गोड नाव ठरवून ठेवलं होतं, मॅडम म्हणाल्या तांदूळ तुमचा, नाव माझं. त्यावरून मोडलं, अशी स्टाफरूममधली बातमी. खरंखोटं मी कधी विचारलं नाही. मी तोंडाळ माणूस आहे, पण सगळीकडे तोंड घालण्याची माझीही छाती होत नाही. त्या मोठी आंजी या गावी भावाच्या घरी राहायच्या. भावाचा भाजीपाल्याचा धंदा. सांबार, मेथी, पालक, वांगी. सकाळची एसटी धरून त्या वर्ध्याला यायच्या आणि हातातल्या पिशवीत आमच्यापैकी कोणासाठी तरी सांबाराची जुडी असायचीच. बाहेरचे लोक कोथिंबीर म्हणतात. म्हणोत बापडे.

मी रसायनशास्त्राचा. त्यांची प्रयोगशाळा आणि माझी, मध्ये एक भिंत. त्या भिंतीला कान लावायची गरज नव्हती, कारण बाईंचा आवाजच तसा होता. सव्वीस वर्षं मी तो आवाज ऐकला आणि त्यातली निदान वीस वर्षं तो एकाच विषयावर बोलत होता. विषय होता समुद्राचा तळ.

आता वर्धा कुठे आणि समुद्र कुठे! आमच्याकडे पाणी म्हणजे धाम नदी, आणि तीही उन्हाळ्यात पवनारला खडक दाखवत पडलेली. पण मॅडमच्या डोक्यात बसलं ते बसलं. समुद्राच्या तळाला, जिथं उन्हाचा किरण कधीच पोचत नाही, तिथं जमिनीला भेगा आहेत. त्या भेगांतून उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम पाणी उसळतं, वरच्या थंड पाण्याला भेटलं की काळं होतं आणि धुरासारखं वर चढतं. त्या पाण्यातून बाहेर पडणाऱ्या क्षारांची तिथं धुरांडी तयार होतात. आणि त्या धुरांड्यांच्या अंगाखांद्यावर जीव राहतात. डोळ्यांना न दिसणारे, पण पोटभर खाऊन सुखात असलेले. ऊन नाही, हिरवं पान नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू, हायड्रोजन, असलं काहीतरी खाऊन ते जगतात.

“सर, आपण सत्तेचाळीस डिग्रीले रडून राह्यलो,” मे महिन्यात त्या मला सुनवायच्या. “ते बिचारे शंभराच्या आसपास संसार करतात. कूलर नाई, काई नाई.”

हे जीव आणून पाळता येत नाहीत. बरेचसे प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. मग त्यांना ओळखायचं कसं? तर त्यांचा जीनोम वाचायचा, म्हणजे तो जीव कसा घडला आहे आणि काय काय करू शकतो हे ज्यात चार अक्षरांत लिहिलेलं असतं ते सगळं लिखाण. घोळ असा की चिमूटभर गाळात शेकडो जातींचे जीव असतात आणि सगळ्यांचं लिखाण तुकडे तुकडे होऊन एकत्र मिसळलेलं हाती येतं. कोणता तुकडा कोणाचा हे कॉम्प्युटर जुळवतो, तुकड्यांची घडण पाहून आणि कोणता तुकडा किती वेळा आला ते मोजून. एका जिवाचे म्हणून जे तुकडे एकत्र येतात, त्या गठ्ठ्याला जगभरचे लोक काय म्हणायचे ते म्हणोत, मॅडम त्याला जुडी म्हणायच्या.

आणि कॉम्प्युटरनं बांधलेल्या जुडीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जगात लोक कॉम्प्युटरचा आकडा पाहून ठीक आहे म्हणतात आणि पुढे जातात. मॅडम जुडी सोडून बसायच्या. एकेक तुकडा पुढे घ्यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, पडद्याला नाक लावायचं आणि स्वतःशी पुटपुटायचं, “हा आपला. हा आपला. हा कोण होय बाप्पा?” महाविद्यालयीन भाषेत याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. आंजीत याला भाजी निवडणं म्हणतात.

स्टाफरूमचा त्यांच्यावर डोळा होता. इतिहासाचे सर एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, वर्ध्यात बसून समुद्र कसा काय शिकता बुवा? कधी पाहिला तरी आहे का?”

“तुमी मोगल शिकवता,” मॅडम बशीत चहा ओतत म्हणाल्या. “एखादा भेटला का?”

सर त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठले.

पण खरं सांगायचं तर त्यांनी समुद्र पाहिला नव्हता हे खरंच होतं. आणि त्यांना तशी हौसही नव्हती. हवं होतं ते एकच, आणि ते त्यांनी मला एकदा अगदी सरळ सांगितलं होतं. जगातले सगळे वाचलेले जीनोम एका सार्वजनिक भांडारात ठेवतात, कोणीही कुठूनही उघडून पाहावेत. प्रत्येक नोंदीखाली काम कुठं झालं त्या गावाचं नाव असतं. मॅडम म्हणायच्या, “एक जीव, सर. एकच. पूर्ण निवडलेला. अन् त्याच्या खाली वर्धा लिहिलेलं पाह्यजे.” पोरीबाळींना सोन्याचा सोस असतो तसा त्यांना याचा होता.

आधी त्या दुसऱ्यांनी भांडारात टाकलेलं लिखाण उतरवून घ्यायच्या आणि आमच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या त्यातल्या त्यात बऱ्या यंत्रावर चालवायच्या. ते एकदा सुरू केलं की दिवसेंदिवस चालायचं. त्या भर उन्हाळ्याच्या सुट्टीत यायच्या, यंत्रासमोर कूलर लावायच्या आणि स्वतः घामाघूम होऊन बाजूच्या खोलीत बसायच्या. एका मे महिन्यात सोळाव्या दिवशी गजाननानं प्राचार्यांच्या खोलीसाठी तो कूलर ओढून नेला आणि जाता जाता बटण बंद केलं, यंत्राचं. सोळा दिवस पाण्यात. मला वाटलं, आता गजाननाची काही खैर नाही. मी भिंतीला खरोखरच कान लावला.

“गजाननभाऊ, बसा,” इतकंच ऐकू आलं. मग तासभर त्या त्याला समुद्राचा तळ समजावत होत्या. गजानन बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले होते. मला म्हणाला, “सर, त्याच्यात जीव चालू होते म्हणते. मी बटन दाबलं.” त्या दिवसापासून त्या यंत्राच्या बटणावर त्यानं स्वतःच्या हातानं पुठ्ठा बांधला आणि कॉलेजच्या सचिवांना सुद्धा त्या खोलीत फिरकू दिलं नाही.

मग एके वर्षी ती गोष्ट घडली. समुद्रकाठच्या एका मोठ्या संस्थेचं जहाज भेगांच्या जागी गेलं होतं, धुरांड्यावरचा गाळ खरवडून आणला होता. मॅडमनी त्यांना पत्र लिहिलं की थोडा मलाही द्या. आमच्यातल्या कोणी तसं पत्र लिहिलं नसतं. मी तर नाहीच. संस्थेनं हो म्हटलं, येऊन घेऊन जा. मॅडम दोन गाड्या बदलून गेल्या, थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि बर्फात बोटाएवढी नळी घेऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी सगळं कॉलेज विचारतंय, समुद्र पाहिला का?

“पाहाले वेळ कुठी होता? नळी बर्फात होती. सकाळी घेतली, दुपारची गाडी धरली.”

“अहो, पण संस्था समुद्राला लागूनच आहे ना?” मी चिडलो. खरंच चिडलो. इतक्या लांब जाऊन माणूस दहा पावलं चालत नाही म्हणजे काय?

“वरून पाहून काय करू, सर? माहं काम तं खाली हाय.”

त्या नळीतला गाळ त्यांनी आमच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत उघडला, त्यातलं लिखाण वेगळं काढलं, वाचायला बाहेर पाठवलं, आलेल्या तुकड्यांच्या जुड्या बांधल्या. आणि एका जुडीत असा जीव निघाला की मॅडम भिंतीपलीकडून नुसत्या ओरडल्या. मी धावत गेलो, वाटलं शॉक लागला. त्या पडद्याकडे बोट दाखवत होत्या. अतिउष्ण पाण्यात राहणारा जीव, आणि त्याच्यापाशी हवेतला नत्र धरायची विद्या! तुरीच्या मुळाला ज्या गाठी असतात, त्या गाठींतले जीव जे काम करतात ते काम. त्या जातकुळीत हे आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं.

शोधनिबंध छापून आला. भांडारात नोंद झाली. खाली लिहिलेलं होतं, वर्धा. मॅडमनी गजाननाला बोलावून ते दाखवलं आणि गजाननानं पडद्याला हात लावून नमस्कार केला.

प्राचार्यांना आनंदाचं भरतं आलं, त्यालाही कारण होतं. दोन महिन्यांनी कॉलेजच्या तपासणीला समिती यायची होती. फाटकावर दहा फुटांचा फ्लेक्स लागला. मॅडमचा फोटो, मागे निळा समुद्र, एक शार्क (तो कशासाठी, देव जाणे) आणि मजकूर: “वर्ध्याचा झेंडा समुद्राच्या तळाशी!” मॅडम म्हणाल्या शार्क काढा. कोणी काढला नाही.

समिती यायला आठ दिवस राहिले असतील. सोमवारची सकाळ. मॅडम माझ्या खोलीत आल्या, बसल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक काडी टेबलावर ठेवली. हिरवी, नाजूक, कातरलेल्या पानांची.

“काय होय हे, सर?”

“सांबार,” मी म्हणालो.

“वास घ्या.”

घेतला. सांबार नव्हता. गाजरगवत होतं, रस्त्याच्या कडेला माजतं ते, अंगाला लागलं तर खाज सुटते. लहान असताना त्याचं पान अगदी सांबारासारखं दिसतं.

“काल घरी निवडत होती, जुडीत निघालं,” त्या म्हणाल्या. “अन् मंग मले रातभर झोप नाई. सर, माह्या जुडीत गाजरगवत हाय.”

मला काहीच कळलं नाही. त्यांनी समजावलं. तो नत्राचा तुकडा जेव्हा सापडला, तेव्हा तो त्यांनी ताडून पाहिला होता, पण समुद्रातल्या जिवांशी. समुद्रातला जीव म्हणून समुद्रातच शोधलं. पान सारखं दिसलं, वास घेतला नाही. त्या दिवशी पहाटेच्या एसटीनं येऊन त्यांनी तोच तुकडा साऱ्या भांडाराशी ताडला. तो जुळला जमिनीवरच्या जिवाशी, जवळजवळ अक्षरास अक्षर. तुरीच्या मुळावरच्या गाठीतल्या जिवाशी.

“इतका कसा जुळन? शंभर डिग्रीतला अन् तुरीच्या वावरातला, सख्खे भाऊ हायेत का?” त्या म्हणाल्या. “ज्या हप्त्यात म्या ती नळी उघडली ना, त्याच हप्त्यात सेकंड इयरचं प्रॅक्टिकल होतं. त्याच टेबलावर. तुरीची झाडं मुळासकट उपटून आणली होती, गाठी ठेचून दाखवाले. कोणाच्या वावरातून आणली होती सांगू? आमच्याच. म्याच आणली. पिशवीत घालून, एसटीनं.”

जगात कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत ही चूक झाली नसती, कारण तिथं कोणी घरच्या वावरातली तूर पिशवीतून आणत नाही. आणि समुद्राच्या गाळाबरोबर एक रिकामी नळी, नुसत्या स्वच्छ पाण्याची, शेवटपर्यंत तशीच चालवायची असते. तिच्यात काही निघालं तर ते समुद्राचं नाही, खोलीचं आहे, हे कळतं. मॅडमनी ती रिकामी नळी ठेवली नव्हती. गरज वाटली नव्हती. एवढंच.

मग मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, “जाऊ द्या ना, मॅडम. कोण पाहते?”

“मी पाह्यलं ना.”

“समिती होऊन जाऊ द्या निदान.”

त्यांनी ती काडी पुन्हा कागदात गुंडाळली. म्हणाल्या, “लहानपणी मी बाजारात बापाजवळ बसत होती. एका बाईच्या जुडीत गाजरगवत निघालं. बापानं तिले दुसरी जुडी दिली, माफी मागतली, ते ठीक. पण मंग त्यानं डालीतल्या साऱ्या जुड्या सोडल्या. भर बाजारात. बाजूचे हासून राह्यले. दुपारलोक सारा सांबार वाळून गेला. बाप म्हणे, एका जुडीत निघालं तं बाकीच्यात काऊन नाई निघन? सर, म्या पहाटपासून बाकीचे तुकडे पाह्यले. अजून तीन निघाले.”

“मॅडम, लोक काय म्हणतील समजतं ना? वर्ध्याच्या लोकांनी तूरच करावी म्हणतील. पुन्हा नळी कोण देईल तुम्हाला?”

“तेच तं,” त्या म्हणाल्या, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं मी त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला. मग पदरानं चष्मा पुसून त्या उठल्या.

प्राचार्यांकडे त्या गेल्या तेव्हा मीही मागून गेलो. प्राचार्यांनी हात जोडले. “मॅडम, आठ दिवस. फक्त आठ दिवस थांबा. नंतर काय मागं घ्यायचं ते घ्या.”

“सकाळी पाठवलं सर मी. मासिकाले बी, भांडाराले बी, संस्थेले बी.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं. मंग तुमचं न ऐकल्याचं पाप लागलं असतं मले.”

प्राचार्यांनी घंटी वाजवली, गजाननाला सांगितलं की तो फ्लेक्स उतरव. मॅडम तिथंच फिरून म्हणाल्या, “उतरवू नका. आपण लावला, आता तो राहील.” आणि त्या खाली गेल्या, पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि गजाननाच्या खांद्याला धरून स्टुलावर चढून फ्लेक्सच्या खाली चिकटवलं:

“वरील शोध चुकीचा निघाला. समुद्राच्या नळीत आमच्या वावरातली तूर मिसळली. चूक माझी. काम चालू आहे. – बेबी भोयर.”

गजानन खालून म्हणाला, “मॅडम, आपलं वर्धा पुसलं ना तुमी.”

“पुसलं. पुन्हा लिहू, गजाननभाऊ. स्टूल धरा नीट.”

समिती आली. अध्यक्ष फाटकापाशी थांबले, चष्मा नीट करून तो कागद वाचला, दोनदा. प्राचार्यांचा रंग गेला. आत आल्यावर अध्यक्षांनी विचारलं की या बाई कोण. मॅडम तुरीचं एक उपटलेलं झाड हातात धरूनच उभ्या होत्या. मुळाच्या गाठी दाखवत त्यांनी सगळी चूक अशी सांगितली की जणू दुसऱ्या कोणाची आहे. कॉलेजला श्रेणी जी यायची होती ती आली. त्या कागदानं ती वाढली नाही आणि घटलीही नाही.

पण बाकी सगळं मी म्हटलं तसंच झालं. मासिकानं निबंध मागं घेतला. भांडारातली नोंद गेली. संस्थेकडून दोन ओळी आल्या की यापुढे नमुना देणं शक्य होणार नाही. कोणत्याशा परिषदेत कोणीतरी कॉफी पिताना म्हणालं म्हणे, विदर्भातल्या लोकांनी समुद्रात कशाला उतरावं. ते फिरत फिरत आमच्या स्टाफरूममध्ये आलं आणि इतिहासाच्या सरांनी ते मॅडमना आवर्जून ऐकवलं. प्राचार्यांनी तो बरा कॉम्प्युटर ऑफिसात नेला.

मला वाटलं, झालं. आता बाई निवृत्तीपर्यंत दही कसं लागतं ते शिकवत बसतील. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं आणि सगळ्यांना शिव्या देत बसलो असतो.

मॅडमनी वनस्पतिशास्त्राची जुनी कोठीची खोली मागून घेतली. वरच्या मजल्यावरची, वाळलेल्या पानांची बाडं भरलेली, कोणालाच नको असलेली. सुट्टीभर त्या आणि गजानन दोघं ती खोली धूत होते. भिंती, छत, खिडकीच्या सळ्या, सगळं. चुना लावला. आत जायला वेगळ्या चपला, वेगळे अंगरखे. तुरीचं प्रॅक्टिकल खालच्या मजल्यावर, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. दरवाजाला एक काच बसवून घेतली, आणि काचेखाली खडूनं लिहिलं: “तूर घेऊन आत येऊ नये.” मुलं हसायची. मॅडम हसायच्या नाहीत.

आणि मग सुरू झाली ती रिकाम्या नळ्यांची गोष्ट. दर महिन्याला त्या खोलीत स्वच्छ पाण्याची एक नळी उघडायची, गाळाचं करतात तसं सगळं तिचं करायचं आणि त्यात काही जीव सापडतो का याची साधी चाचणी घ्यायची. जीव असला की चाचणीत पट्टी उमटते. पट्टी उमटली तर संस्थेला पत्र: या महिन्यात खोलीत घाण निघाली, कुठून आली ते शोधतो आहोत. पहिल्या महिन्यात निघाली. दुसऱ्या महिन्यात निघाली. बाहेर वाचायला पाठवली तर एकदा माणसाच्या हातावरची, एकदा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मातीतली, आणि एकदा, विश्वास ठेवा, पुन्हा तूर! गजानन डब्यात तुरीच्या दाण्याची उसळ आणायचा, पण तिच्यातून नाही, वावरातून येताना त्याच्या पायाला माती होती. मॅडमनी ते सगळं पत्रात लिहिलं, उसळीसकट.

“मॅडम, तुमचीच बदनामी तुम्हीच दर महिन्याला टपालानं पाठवता?” मी म्हटलं.

“त्यायनं म्हटलं नमुना देत नाई. पत्र घेत नाई असं तं नाई म्हटलं.”

उत्तर यायचं नाही. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर पट्टी येणं बंद झालं. तरी पत्र जायचंच: या महिन्यात नळी रिकामी. पुढच्या महिन्यात: नळी रिकामी. त्या मधल्या काळात मी निवृत्त झालो. निरोप समारंभात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मॅडम बोलायला उठल्या आणि म्हणाल्या, “सर चांगले हायेत. एकदाच चुकले, त्याचं त्यायले माहीत हाय.” आणि खाली बसल्या. लोकांना काही कळलं नाही. मी हातातला पेढा परत ताटात ठेवला.

नंतर गजाननाकडूनच कळलं की दोन वर्षं होत आली असताना संस्थेतून फोन आला. फोन करणारी तिथली कोणी शास्त्रज्ञ बाई होती. तिनं म्हणे एवढंच विचारलं, “भोयर मॅडम, या महिन्याची नळी कशी आहे?” आणि मॅडम म्हणाल्या, “रिकामी.” त्यावर ती बाई म्हणाली, “मग या. घेऊन जा.”

ही मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मॅडम नळी घेऊन परत आल्याचं गजाननानं मला फोनवर सांगितलं आणि मी, निवृत्त माणूस, दुसरं काम नाही, सकाळीच निघालो. वाटेत बाजार लागला. ओल्या तुरीच्या शेंगा आल्या होत्या, हिरव्यागार, भरलेल्या. मॅडमना आवडतात हे मला माहीत होतं. किलोभर घेतल्या. कॉलेजच्या फाटकावरचा फ्लेक्स उन्हानं पार पांढरा झाला होता. शार्क गेला होता, झेंडा गेला होता. खालचा कागद मात्र नवा होता. तो फाटला की त्या दरवेळी पुन्हा लिहून लावतात, असं वॉचमन म्हणाला.

वर गेलो. दार उघडं होतं. मॅडम आत अंगरखा घालून उभ्या, केस फडक्यात बांधलेले, अर्धे पांढरे झालेले. टेबलावर तो थर्माकोलचा डबा. मला पाहून चेहरा फुलला. मी कौतुकानं पिशवी पुढे केली आणि उंबऱ्यात पाय टाकला.

“थांबा!” कॉरिडॉर हादरला. “पिशवीत काय हाय?”

“शेंगा. तुमच्यासाठी...” मी म्हणालो आणि मग माझी नजर काचेखालच्या खडूच्या अक्षरांवर गेली. जे बाहेर ठेवायला बाई चोवीस महिने झटल्या, ते मी किलोभर घेऊन आत चाललो होतो.

“तूर बाहेर ठेवा, सर. अन् तुमी बी बाहेरच राहा आज. गजाननभाऊ, ती पिशवी खाली न्या. जिन्यात सांडू नका.”

मी चार पावलं मागं झालो. या वयात कोणी मला असं दारातून हाकललं तर मी काय बोललो असतो ते माझ्या बायकोला विचारा. पण मी पिशवी गजाननाच्या हातात दिली. लांबूनच विचारलं, “समुद्र पाहिला का या खेपेला?”

“नाई. नळी बर्फात होती.”

“आणि मॅडम, नत्राचं ते... या वेळी निघालंच नाही तर?”

त्या हातमोजे चढवत होत्या. थांबल्या नाहीत.

“तं नाई निघालं म्हणून लिहीन. पण मीच लिहीन, सर. अन् खाली वर्धाच लिहीन.”

त्यांनी दार लावून घेतलं. मी काचेपाशी गेलो. कोपरापर्यंत हात घासून त्या टेबलाशी आल्या. डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आधी स्टँडवर एक नळी उभी केली, त्यात थेंब थेंब स्वच्छ पाणी सोडलं, उजेडात धरून नीट पाहिली आणि पेनानं तिच्यावर काहीतरी लिहिलं. मग समुद्राचा डबा पुढे ओढला.